आमच्या झिरेकचा पायबंद

आमची मुलगी कधी जन्मावी हे आमच्या हातात नव्हतं. ती चालायला कधी लागावी हे मात्र कुबातने ठरवलं.

कुबात हा आमच्या सरोवराच्या दक्षिण काठावरचा सगळ्यात नावाजलेला तमादा. जेवणावळीत कोणी कधी उठायचं, कोणी आशीर्वाद द्यायचा, कोणी गायचं आणि कोणाला काही झालं तरी गाऊ द्यायचं नाही, हे तमादा माइकवरून सांगतो आणि यजमानासकट सगळे ऐकतात. ऑगस्टमधले त्याचे शनिवार हिवाळ्यातच लग्नांना जातात. मार्चमध्ये मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याने वही उघडली, बोट फिरवत खाली आणलं आणि म्हणाला, "नऊ ऑगस्ट. नशीबवान आहेस. एक लग्न मोडलंय."

"नऊलाच तिचा वाढदिवस आहे."

"मग चांगलंच मोडलं. पोरगी चालेल ना तोवर?"

"चालेल की," मी म्हणालो.

झिरेक त्या वेळी सात महिन्यांची होती आणि पाठीमागची उशी काढली की हळूहळू एका बाजूला कलंडत होती.

चालण्याचा प्रश्न अशासाठी, की पहिल्या वाढदिवसाला आमच्याकडे मुलाचा पायबंद तोडतात. घोडा चरता चरता लांब जाऊ नये म्हणून त्याच्या पायांना दोरी घालतात, तशीच एक न दिसणारी दोरी लेकराच्या पायांत जन्मापासून असते. मूल पहिली पावलं टाकू लागलं की काळ्या आणि पांढऱ्या लोकरीची दोरी वळून त्याच्या घोट्यांना बांधायची, गावातल्या मुलांची शर्यत लावायची, आणि जो आधी येऊन पोचेल त्याने ती सुरीने तोडायची. तोडणाऱ्याचा स्वभाव मुलात उतरतो. माझा पायबंद ज्याने तोडला तो पुढे एका कचेरीत कारकून झाला आणि आयुष्यभर शिक्का शोधत राहिला. मी रोज सकाळी चष्मा शोधतो. माझ्या आईला यात योगायोग दिसत नाही.

चालत नसलेल्या मुलाचा पायबंद तोडत नाहीत. तोडला तर नुसती लोकर तुटते.

आता झिरेकविषयी. बाकीची मुलं रांगतात, धरून उभी राहतात, पडतात, रडतात. झिरेकने यातलं काही केलं नाही. ती आठव्या महिन्यात ताठ बसली आणि तिला ते पसंत पडलं. पाठ सरळ, हात मांडीवर, नजर समोरच्यावर. पाहुणा आला की ती त्याच्याकडे अशी बघायची, की थोड्या वेळाने तो आपणहून काहीतरी कबूल करायचा. गावप्रमुखाने तिच्यासमोर चहा पिता पिता मान्य केलं, की कालव्याचं पाणी आधी त्याच्या भावाच्या बागेत सुटतं. मी गावात जमिनी मोजायचं काम करतो. वीस वर्षं कुंपणांच्या भांडणांत उभा राहिलोय, पण माझ्यासमोर असं कोणी कधी बोललं नव्हतं.

शब्द तिला एकच येत होता: नको. तेवढ्यात तिचं सगळं भागायचं. लापशीचा नको म्हणजे नको. टोपीचा नको म्हणजे घाला हवी तर, मी काढणार आहे. आजीने पापा घेतल्यानंतरचा नको हा नुसता नोंदीपुरता असायचा.

कुठे जायचं झालं तर ती बसल्या बसल्या सरकायची. एक पाय दुमडलेला, दुसऱ्याने वल्हं मारायचं, आणि जमिनीवर अंथरलेल्या लोकरीच्या जाड नमद्यावरून अशी सुसाट निघायची की मांजर वाट देई. माझी बायको दामिरा आरोग्य केंद्रात नर्स आहे. ती म्हणायची, "सरकणारी मुलं उशिराच चालतात. पुस्तकात अठरा महिन्यांपर्यंत लिहिलंय. घाई कसली आहे?"

घाई कुबातला होती. पण ते मी बोललो नाही.

जुलैच्या शेवटच्या मंगळवारी सासूबाईंचा फोन आला. झूरा त्यांचं नाव. घाटापलीकडे नारीनला राहतात. नारीनची माणसं आम्हा सरोवरकाठच्यांना मऊ समजतात, आणि आम्ही त्यांना माणसांपेक्षा घोड्यांशी जास्त बोलणारी समजतो. दोन्हीत थोडंफार तथ्य आहे. दामिरा कामावर होती, म्हणून फोन मी घेतला.

"जावईबापू, चालते का आमची नात?"

"चालेल, आपा." आई असो की सासू, आमच्याकडे हाक आपा हीच.

"चालेल म्हणजे? अकरा दिवसांवर आलंय. मी इथे गाडी ठरवली, बावीस माणसं निघतायत. आमच्या बायेलला रोज सकाळी पळवतेय. माझा नातूच तोडणार तिचा पायबंद, आधीच सांगून ठेवते. नवव्या महिन्यात चालला होता तो."

मी झिरेककडे बघितलं. ती किटलीचं झाकण उलटसुलट करून तपासत होती.

"चालते," मी म्हणालो. "चार पावलं."

चार हा काही मोठा आकडा नव्हता. एवढं खपून जाईल असं मला वाटलं. पण दारात माझी आई उभी होती. मी धाकटा, म्हणून रिवाजाप्रमाणे ती माझ्याकडे असते, आणि तिचे कान उत्तम आहेत. तिने माझ्या हातातून फोन घेतला.

"विहीणबाई, चार कुठली? सात. माझ्यासमोर टाकली. हा बाहेर होता, याला काय माहीत."

तिने फोन ठेवला.

"आपा, सात?"

"त्यांचा नवव्या महिन्यात चालला. तुझ्या चारने काय होणार होतं?"

गोष्ट इथे थांबली असती तर काही बिघडलं नसतं. पण सासूबाईंनी लगेच दुसरा फोन लावला, आरोग्य केंद्रात, लेकीला.

दामिरा चार वाजता घरी आली ती गल्लीतून धावतच, पांढरा कोट अंगावर तसाच. उंबऱ्यात थांबली. डोळे भरले होते आणि ती हसत होती.

"सात?" ती म्हणाली. "कुठून कुठे?"

तिथल्या तिथे सांगून टाकायला हवं होतं. मी तोंड उघडलंही होतं.

"चुलीपासून खिडकीपर्यंत," आई म्हणाली.

दामिरा चुलीपाशी गेली. तिथून खिडकीपर्यंतची जमीन तिने नीट पाहिली, जशी काही तिथे पावलं उमटली असावीत. मग मधोमध बसली आणि झिरेकला मांडीवर घेतलं. "आणि मी तिकडे लोकांचे रक्तदाब मोजत होते," ती म्हणाली. झिरेकने तिच्या खिशातला थर्मामीटर काढून घेतला. मी गच्चीवर गेलो आणि वाळत घातलेले जर्दाळू उलटे केले. ते सकाळीच उलटे केलेले होते.

त्यानंतर रोज संध्याकाळी दामिरा खिडकीशी बसून हात पसरायची. "ये, झिरेक. आईकडे ये." झिरेक यायची, सरकत.

"माझ्यासमोर का टाकत नाही रे?"

"तिचा स्वभाव तुला माहीत आहे," मी म्हणायचो. "सांगितलं की करत नाही."

हे खरं होतं, म्हणून जास्तच वाईट होतं. एकदा ती म्हणाली, "रुसली असेल माझ्यावर. सारखी कामावर असते ना मी." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. म्हणजे दुसऱ्यांदा वाढलेलं गेलं नाही.

मग आई आणि मी ठरवलं, की खोटं बोललोच आहोत तर ते खरं करून टाकावं. दामिरा कामावर गेली की आम्ही सुरू व्हायचो. आई एका काखेत हात घालायची, मी दुसऱ्या. झिरेक पाय पोटाशी घ्यायची आणि आमच्या दोघांत धुण्यासारखी लोंबत राहायची. बोर्सोक, म्हणजे कणकेचे तळलेले फुगीर तुकडे, आम्ही चुलीपासून खिडकीपर्यंत एकेक करून मांडले. ती त्या ओळीने सरकत गेली आणि शेवटी खिडकीपाशी तोंड भरून बसली. शेजाऱ्यांचं करडू आणलं. ते चालताना बघून ही शिकेल ही आईची कल्पना. झिरेकने करडाकडे टक लावून बघितलं. थोड्या वेळाने करडू बसलं.

"आपा, मी दामिराला सांगून टाकतो."

"सांग की. वाढदिवस होऊ दे, मग सांग."

"तिला वाटतंय तिचं राहून गेलं."

आई करडाला दोरी लावत होती. तिने मारलेली गाठ सोडून पुन्हा मारली. "मग चालव लवकर तिला," ती म्हणाली आणि करडाला घेऊन गेली.

आठवडाभराच्या या मेहनतीचं फळ एवढंच, की दोन्ही हात धरले तर झिरेक उभी राहायला तयार झाली. पुढचं तिने आमच्यावर सोडलं होतं.

नऊ तारीख उजाडली. शाळेमागच्या मैदानावर तीन मोठ्या कढया चढल्या, नमद्याचे दोन तंबू उभे राहिले. नारीनहून बावीस येणार होते, एकतीस आले. कराकोलहून माझा थोरला भाऊ त्याच्या मुलाला, एल्दियारला, नवे बूट घालून घेऊन आला. हा आईचा उमेदवार. आल्या आल्या त्याने खांबाला धरून पाय ताणायला सुरुवात केली. सासूबाईंचा बायेल काही ताणत नव्हता. तो लांब उभा राहून एल्दियारच्या बुटांकडे बघत होता.

दोघी विहिणी जेवायला शेजारी शेजारी बसल्या.

"तुमचा बायेल पळतो तरी कधी?" आई म्हणाली. "शाळेतसुद्धा घोड्यावरून जातो म्हणे. घोडा पळतो, हा बसतो."

"तुमच्या एल्दियारला पळताना सावली लागते असं ऐकलंय," सासूबाई म्हणाल्या.

हे बोलताना दोघी एकमेकींच्या ताटात चांगले चांगले तुकडे वाढत होत्या.

शर्यतीची जागा मी मोजून दिली. साठ मीटर, सुरुवातीला चुन्याची रेघ. शेवटाला रेघ आखायची नसते. शेवट म्हणजे मूल. मूल जिथे उभं, तिथे शर्यत संपते. आईने झिरेकच्या घोट्यांना दोरी बांधली आणि उठताना माझ्या कानाशी म्हणाली, "सैल बांधलीय. याहून मी काय करू?"

झिरेक पांढऱ्या फ्रॉकमध्ये उभी होती. टोपी केव्हाच गेली होती. तिचा उजवा हात माझ्या हातात, डावा दामिराच्या. शेजारी कुबात, एका हातात माइक, दुसऱ्या हातात सुरीचं तबक.

दामिरा माझ्याकडे झुकली. "दोरी तुटली की तिला माझ्याकडे वळवशील? दोनच पावलं. मी एकदा बघते फक्त."

मी तिला तिथेच सगळं सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. पण कुबातने माइक तोंडाशी नेला होता.

रेघेवर चौदा मुलं उभी राहिली. त्यात ट्रॅक्टरवाल्या एसेनची बुरुलाय होती. वय सहा, अंगाने भरलेली, दोन्ही हातांत एकेक बोर्सोक.

"बुरुलाय," कुबातने माइकवरून विचारलं, "आधी खाणार की आधी पळणार?"

"दोन्ही करते," बुरुलाय तिथूनच म्हणाली.

कुबातने तीन म्हटलं आणि मैदान हललं. एल्दियार आणि बायेल पहिल्या दहा पावलांतच पुढे निघाले. मागे आरडाओरडा, त्याच्या मागे धूळ. दोन्ही बाजूंचे पाहुणे आपापल्या पोराच्या नावाने ओरडत उभे राहिले. झिरेक हे सगळं बघत होती. चौदा जण किंचाळत आपल्याच अंगावर येताहेत, हे तिला पटत नव्हतं.

"नको," ती म्हणाली.

एवढा मोठा नको तिने आजवर म्हटला नव्हता. कढयांपाशी उभ्या असलेल्या आचाऱ्याने तो ऐकला, असं तो अजून सांगतो. तिने हात सोडवून घेतले, एक माझ्यापासून, एक दामिरापासून, डावीकडे वळली आणि चालू लागली.

पायांत दोरी, त्यामुळे पाऊल वीतभरच पडत होतं. हात दोन्हीकडे पसरलेले, पोट पुढे, चाल बदकाची. मी जागचा हललो नाही. हललो तर ती बसेल अशी मला भीती वाटली. मी फक्त मोजत राहिलो, कारण मला तेवढंच येतं.

शर्यतीचा शेवट असा चालत निघाला होता, पण हे शर्यतीतल्या कोणाला माहीत नव्हतं. एल्दियार आणि बायेल माना खाली घालून पळत होते. जिथे शेवट असायला हवा होता तिथे दोघे एकदमच पोचले. झिरेकला बघायला पुढे सरकलेला कुबात आता तिथे उभा होता. तिघे खाली गेले, आणि कोणाचं काय कुठे लागलं ते माइकने सगळ्या गावाला ऐकवलं. मागची मुलं थांबली. काही झिरेककडे वळली, काही कुबातला बघायला गेली, दोघांनी भांडण काढलं.

बुरुलाय अजून अर्ध्यावर होती. धूळ डोळ्यांत जाते म्हणून तिने मैदानाची कड धरली होती आणि ती सावकाश येत होती. झिरेकही त्याच कडेला निघाली होती. दोघी समोरासमोर आल्या. झिरेकने आणखी एक पाऊल टाकून तिच्या फ्रॉकचा घेर धरला आणि वर बघितलं. बुरुलायने खाली बघितलं. गुरांच्या बाजारात दोन जाणती माणसं एकमेकांकडे बघतात तशा दोघी एकमेकींना जोखत राहिल्या. मग बुरुलायने हातातला बोर्सोक मोडला आणि अर्धा तिला दिला.

तोवर कुबात उठला होता. त्याने अंगावरची धूळ झटकली, माइक फुंकून बघितला. "लोकहो, पायबंद तोडण्याचा मान... जरा थांबा."

"बायेलचा," सासूबाई म्हणाल्या. "तो आधी पोचला."

"कुठे पोचला? कुबातच्या पोटावर?" आई म्हणाली. "एल्दियार आधी पडला. म्हणजे आधी पोचला."

"मी पोचले," बुरुलाय म्हणाली.

"तू पोचली नाहीस गं बाळ," कुबात म्हणाला. "ती तुझ्याकडे आली."

"मग काय करू? परत जाऊ?"

"तू तर पळतही नव्हतीस."

"पळत होते. माझं पळणं असंच असतं."

लोक हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी हात वर केला. "हे बघा. पोरगी गेले अकरा दिवस चालतेय, सात-सात पावलं टाकतेय. आज गर्दीला बुजली आणि भरकटली, त्याचा काय हिशोब धरायचा? आणा तिला जागेवर आणि शर्यत परत लावा."

"बरोबर आहे," माझी आई म्हणाली. विहिणीचं एखादं म्हणणं तिला पटलेलं मी त्या दिवशी प्रथमच पाहिलं.

आजूबाजूच्या माना हलू लागल्या. म्हणणं रास्त होतं. रोज चालणारं मूल एखाद्या दिवशी इकडे जातं, एखाद्या दिवशी तिकडे. कुबातने माइक माझ्यापुढे धरला. "साग्यन, गावातली सगळी कुंपणं तू ठरवतोस. हेही तूच सांग. परत लावायची ना?"

एक 'हो' म्हणालो असतो तर सगळं सुखाने पार पडलं असतं. पोरगी चालली होती. आमचं खोटं आता कोणालाही, कधीही कळणार नव्हतं. मी दामिराकडे बघितलं. तिचे हात अजून पुढे होते, झिरेकने सोडले तसे. ती हसत होती, पण उशिरा आलेल्या पाहुण्याला जेवढं उरलेलं मिळतं, तेवढंच ते हसू होतं.

"परत लावायची नाही," मी म्हणालो. माझा आवाज शाळेच्या भिंतीवर आपटून माझ्याकडेच परत आला. "ती अकरा दिवस चालत नाहीये. ती आत्ता चालली. पहिल्यांदा."

"साग्यन," आई म्हणाली.

"फोनवर चार पावलं मी सांगितली. ती नव्हती."

"आणि सात?" सासूबाईंनी विचारलं.

"सातही नव्हती, आपा."

आई डोक्यावरचा रुमाल सारखा करू लागली. तो सारखाच होता.

"चुलीपासून खिडकीपर्यंत?" हे दामिराने विचारलं. तिच्याकडे माइक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"सरकली होती. बसून."

कढयांकडून कोणीतरी खोकलं. एरवी दोनशे माणसं गप्प बसवायला कुबातला घसा ताणावा लागतो.

"म्हणजे त्या मंगळवारी काही झालंच नाही," दामिरा म्हणाली.

"काही नाही. किटलीचं झाकण बघत बसली होती."

"आणि आत्ता झालं, ते पहिलं."

"बारा पावलं," मी म्हणालो. "मी मोजली."

"तेरा."

"बारा, दामिरा. मी नीट..."

"तेरा. पहिलं तू पाहिलं नाहीस. तू पोरांकडे बघत होतास." तिने डावा पाय किंचित उचलून दाखवला. "माझा हात सोडायच्या आधीच तिने पाऊल टाकलं होतं. मी पाहिलं ना."

ती गवतात बसली, तोंडावर हात घेतले आणि हसू लागली. खांदे हलत होते, आणि मधूनमधून ते हसणं नव्हतं. मग उठली, फ्रॉक झटकला, झिरेकपाशी जाऊन गुडघ्यांवर बसली आणि तिच्या टाळूचा वास घेतला. माझ्या बाजूने जाताना मला म्हणाली, "तुझं घरी बघते. आपांचंही."

कुबात हा मोठा कलाकार आहे. त्याने अशी वेळ हातची जाऊ दिली नाही. "लोकहो," तो म्हणाला, "जन्मातली पहिली पावलं जिच्याकडे गेली, तीच तोडणार. कोणाला हरकत असेल त्याने माझ्या पोटावर पडून दाखवावं."

कोणी पडलं नाही. बुरुलायने हात फ्रॉकला पुसले आणि सुरी घेतली. दामिराने तिचं मनगट धरलं. काळी-पांढरी लोकर एका झटक्यात तुटली. बायका ओरडल्या, म्हाताऱ्यांनी मिठाई उधळली, आणि चौदाही मुलं आपण शर्यतीत होतो हे विसरून मिठाईवर पडली. पहिल्या बक्षिसाचा फुटबॉल कुबातने बुरुलायच्या हाती दिला. तिने तो फिरवून पाहिला आणि विचारलं, "बदलून मिळतो का?"

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "आता ही आयुष्यभर सगळीकडे उशिरा पोचणार."

"पण खाऊन पोचेल," आई म्हणाली.

दोघींनी मान डोलावली आणि एकाच वेळी माझ्याकडे वळल्या. थोड्या वेळाने आई सासूबाईंना चहा ओतत सांगत होती, "अकरा दिवस खोटं बोलत होता, विहीणबाई. सख्खी आई मी, मला पत्ता लागू दिला नाही." सासूबाई हळहळत होत्या.

झिरेक मात्र थांबली नव्हती. दोरी तुटल्यावर पाऊल मोठं पडतं हे तिच्या लक्षात आलं होतं. मैदान आडवं कापत ती निघाली. मध्ये तीनदा खाली बसली, पण प्रत्येक वेळी बसायचंच होतं असा चेहरा करून उठली. वडीलधारी मंडळी जमिनीवर कापड अंथरून जेवत होती. त्या कापडावर पाय द्यायचा नसतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ती सरळ त्यावरून गेली. म्हाताऱ्यांनी भांडी भराभर उचलून तिला वाट करून दिली, एकाने रोटी छातीशी धरली, आणि ती पलीकडे उतरल्यावर सगळ्यांनी भांडी पुन्हा मांडली. कोणी काही बोललं नाही. त्यातल्या बऱ्याच जणांनी पूर्वी तिच्यासमोर चहा घेतला होता.

आम्ही दोघे मागून. ती शाळेच्या फाटकातून बाहेर पडली आणि सरोवराच्या रस्त्याला लागली. दुपारचं ऊन, समोर निळं पाणी, रस्त्यात कोणी नाही.

"तू जा मागे," दामिरा म्हणाली. "दोनशे माणसं जेवतायत आणि यजमानाचा पत्ता नाही."

"तू जा."

"मी नाही जात."

"मग मीही नाही."

मागून माइक ऐकू आला. "मुलीचे आईबाप कुठे गेले? आशीर्वादाची वेळ झाली." मग पुन्हा तोच आवाज. "ते बघा, रस्त्यावर आहेत. आजोबा, तुम्ही इथूनच द्या."

आम्ही वळून पाहिलं. दोनशे माणसं आमच्याकडे तोंड करून बसली होती. सगळ्यात वयस्क आजोबांनी हात पसरले. ते काय म्हणाले ते वाऱ्यावर अर्धंमुर्धं पोचलं. 'वाट' एवढा शब्द कळला, आणि पुढे एकदा 'पाय'. आशीर्वाद संपला, तसे रिवाजाप्रमाणे दोनशे जणांचे तळवे वर गेले आणि चेहऱ्यांवरून खाली आले. आम्हीही तिथेच, रस्त्याच्या मधोमध उभे राहून तळवे पसरले आणि चेहऱ्यांवरून फिरवले.

एवढं होईपर्यंत झिरेक वळणाच्या झाडांपलीकडे दिसेनाशी झाली होती. आम्हाला पळावं लागलं.